कारण : हसली

"हलू नकोस."

"हलत न्हाई."

"हललीस. आत्ता हललीस."

"श्वास घेतला. त्यो बी घेऊ नगं का?"

उद्धवरावांनी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. रविवारची सकाळ होती. चिखलीतल्या घराची पूर्वेची खिडकी, खिडकीपासून मोजून तीन फुटांवर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत दीपमालाबाई आणि समोर तिपाईवर उभा अडकवलेला कॅमेरा. खुर्चीच्या चारी पायांभोवती खडूने खुणा केलेल्या होत्या. महाळुंग्याच्या कंपनीत एकतीस वर्षं माल तपासणारा माणूस बायकोचा फोटो काढणार म्हटल्यावर खुणा आल्याच. आणखी दोन मिनिटं गेली असती तर त्याने तिच्या नाकाला टेप लावली असती.

कॅमेरा रिळाचा. जपानी, सगळा धातूचा, मुलगी झाली त्या वर्षी घेतलेला आणि तेव्हाही जुनाच. त्यातून बघितलं की मधोमध एक लहान गोल दिसे आणि त्या गोलात समोरचं चित्र दोन तुकड्यांत फुटलेलं असे. भिंगाची कडी फिरवत राहायची. तुकडे जुळले की फोकस लागला. कॅमेरा उभा धरला तर एक डावा तुकडा, एक उजवा. बायकोच्या बाबतीत उद्धवराव हे तिच्या ओठांच्या रेषेवर जुळवत आले होते. डावे ओठ, उजवे ओठ, एक रेघ, खट्. सव्वीस वर्षांत त्यात फरक पडला नव्हता.

आज कडी फिरवून बोटं दुखायला लागली तरी रेघ जुळेना. एक तुकडा वर आणला की दुसरा खालीच. कॅमेऱ्यातली फोकसची काच सरकली की काय, म्हणून त्यांनी मान वर काढून नुसत्या डोळ्यांनी बघितलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कॅमेऱ्यात काही बिघाड नव्हता.

"काय झालं?" दीपमालाबाईंनी विचारलं.

"काही नाही. मंगळसूत्रावर फोकस घेतो."

"घ्या. गळ्याचाच काढा फोटो. तेच बरं."

फेब्रुवारीत एका सकाळी त्या चूळ भरायला गेल्या आणि पाणी ओठांच्या एका कडेने आपोआप सांडलं. चेहऱ्याची नस आखडली, डॉक्टर म्हणाले. मग सहा महिने फिजिओथेरपी, गालाला करंट, आणि रोज सकाळी दहा फुगे फुगवण्याचा व्यायाम. घरात वाढदिवस नाही, बारसं नाही, आणि सोफ्याखालून फुगे निघत. फरक बराच पडला. गप्प बसल्या तर परक्याला कळूही नये. हसल्या की मात्र सगळा चेहरा डावीकडे धावे आणि उजवी बाजू, विनोद ऐकलाच नाही अशी, जागच्या जागी बसून राही. म्हणून त्यांनी हसणंच कमी केलं. हसायची वेळ आलीच तर आधी पदर तोंडावर जाई, मग हसू.

आणि आता डिसेंबरात वर्षालीचं लग्न. नवरा मुलगा राजगुरुनगरचा, गणराज. मुलीच्याच हिंजवडीच्या कंपनीतला. हॉल ठरला त्याच दिवशी दीपमालाबाईंनी जाहीर केलं होतं : "मी कोठी सांभाळनार. नारळ, अहेर, तेल, साखर, सगळं माझ्या ताब्यात. मांडवात मला कुनी बोलवायचं न्हाई." हॉलवाल्याच्या कुलपावर भरवसा नाही म्हणून त्यांनी स्वतःचं नवं कुलूप आणलं. किल्ली पदराच्या गाठीला. लग्नाला दोन महिने असताना.

वर्षाली चिडली होती. "आई, तू कोठीत बसलीस तर मी पण कोठीतच लग्न लावणार. गणराजला सांगते, घोडा आतच घे."

"लाव. साखरेच्या पोत्यावर बसव त्येला."

"फोटोवाले असणार म्हणूनच ना? मी सगळ्यांना सांगते, आईचा फोटो काढायचा नाही."

"आन् अल्बममदी सगळ्यांनी इचारायचं, पोरीला आई न्हवती का म्हनून?"

शेवटी मायलेकींत असा करार झाला, की पप्पांनी एक फोटो काढायचा. तो बघून आईला पटलं, तर ती मांडवात येईल. नाही पटलं तर कोठी. उद्धवरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. काम त्यांच्या हातातलं होतं. कोन बरोबर घेतला, उजेड बरोबर घेतला, ज्याचा फोटो काढायचा तो विषय हलला नाही, तर फोटो चुकतो कशाला?

"हलू नकोस," ते म्हणाले. खट्.

*

चिंचवडगावात शरच्चंद्रकाकांचा स्टुडिओ आहे. पुढच्या अंगाला पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि मोबाइलची कव्हरं. काळ्या पडद्यामागे डार्करूम. रीळ धुवायला येणारी गिऱ्हाइकं आता तीन उरली आहेत, आणि त्या तिघांना मिळून शिव्या द्यायला मिळतात एवढ्याचसाठी आपण डार्करूम चालू ठेवली आहे, असं काका सांगतात. वय चौऱ्याहत्तर.

त्यांनी ओला प्रिंट चिमट्याला लावला. उद्धवरावांनी खिशातून भिंग काढून त्याला डोळा लावला. भुवईचा केस न् केस वेगळा. मंगळसूत्राच्या वाटीवर खिडकीचे चार गज. साडीच्या काठाचा धागा मोजून घ्यावा.

"कसा आहे?" उद्धवरावांनी विचारलं.

"निर्दोष," काका म्हणाले. "आधार कार्डाला लावा."

"म्हणजे?"

"म्हणजे वहिनींचं सगळं आलंय हो यात. वहिनी तेवढ्या राहिल्या."

"शार्प आहे ना पण?"

"शार्प तर सुरीही असते. उद्धवराव, तुम्ही फोटो बघता की ड्रॉइंग तपासता? कितीदा सांगितलं, ते भिंग दुकानात काढत जाऊ नका. आणि छत्तीस फोटोंतले पंधरा कापून बाजूला काढता ते वेगळंच. उरलेल्या रिळाचे दाणे सोलल्यासारखे तुकडे. मशीनमध्ये धरायचे कसे मी?"

ते खरं होतं. धुतलेलं रीळ घरी आलं की उद्धवराव ते ट्यूबलाइटसमोर धरून एकेक फ्रेम तपासत. हललेली, धूसर, फोकस चुकलेली फ्रेम कात्रीने वेगळी होई. कंपनीत नापास माल चुकून चांगल्यात मिसळू नये म्हणून त्याला लाल रंग फासतात किंवा भोक पाडतात. उद्धवरावांनी जुन्या बाजारातून कंडक्टरचा चिमटा पैदा केला होता. प्रत्येक नापास फ्रेमच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक भोक, फ्रेम पाकिटात, पाकिटावर चिठ्ठी आणि पाकीट लाल रंगवलेल्या बिस्किटांच्या डब्यात. टाकून द्यायचं नाही. नापास मालाचीही नोंद राहिली पाहिजे.

घरी दीपमालाबाईंनी प्रिंट हातात घेतला, खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला. मग टेबलावर उपडा ठेवला.

"चांगलाय. लई साफ आलाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला दाखवायला बरा हाय. किती सुधारलं ते मोजता यील त्येला."

आणि पदराची किल्ली चाचपत आत गेल्या.

*

सोमवारी कंपनीत प्रॉडक्शनचा नागसेन दारात उभा. हातात ट्रे, ट्रेमध्ये गाडीत बसणारे बुश, बोटाएवढ्या धातूच्या नळ्या.

"साहेब, पाच मायक्रॉन. पाच मायक्रॉनसाठी अख्खा लॉट अडवलाय तुम्ही."

"मापात नाही."

"अहो, डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. गाडीला माहीत पण पडणार नाही."

"मला पडलं ना माहीत."

"तुमच्या घरात चपाती गोल नाही झाली तर परत पाठवता का हो?" नागसेनने विचारलं. तपासणी खोलीतली दोन-चार माणसं हसली.

"डेव्हिएशनवर सोडतो," उद्धवराव न हसता म्हणाले. "कागद आण."

ही कारखान्यांतली जुनी सोय आहे. माल मापात बसत नाही, पण ज्याला तो हवा आहे त्याचं त्यावाचून अडलंय. तर त्याने कागदावर सही करून तो मागून घ्यायचा. मापात नाही हे लपवायचं नाही. उलट, कुठे आणि किती, ते वर स्वच्छ लिहायचं. खाली सही. मग तो माल नापास राहत नाही. एकतीस वर्षांत उद्धवरावांनी असे शेकडो कागद फायलीत लावले होते आणि सहीशिवाय एकही बुश सोडला नव्हता. त्यांच्या नावाने कारखान्याच्या शॉपमध्ये बोटं मोडणारे पुष्कळ, पण त्यांनी पास केलेला माल पुन्हा कुणी तपासत नसे.

नागसेन दुपारी सही घेऊन आला. लॉट गेला.

*

शनिवारी वर्षाली शाळेचा दाखला शोधायला माळ्यावर चढली आणि लाल डबा घेऊन उतरली.

"पप्पा, हे काय आहे?"

"ठेव ते. रिजेक्ट आहे."

ठेव म्हटलेली वस्तू उघडली नाही असं या मुलीच्या बाबतीत आजवर घडलेलं नव्हतं. तिने फरशीवर बसकण मारली, पहिलं पाकीट काढलं आणि चिठ्ठी वाचली.

"फ्रेम अकरा. कारण : फोकस चुकला. जबाबदारी : छायाचित्रकार. अय्या, हे तर कंपनीसारखंच! फ्रेम सात. कारण : हलली. जबाबदारी : विषय." ती पुढची पाकिटं काढत गेली. "कारण : हलली. कारण : हसली. जबाबदारी, विषय. कारण : हसली. कारण : हसत होती. पप्पा, हे बघा, कारण : आधी सांगूनही हसली!"

"कोन हसली?" दीपमालाबाई पिठाचे हात घेऊन दारात आल्या.

"तू, आई. डबाभर हसलीयेस."

वर्षालीने पाकिटांचे गठ्ठे लावले. दीपमालाबाई खाली बसल्या. हात पदराला पुसून त्यांनी एक फ्रेम उचलली आणि ट्यूबकडे धरली. टिकलीच्या पाकिटाएवढ्या त्या निगेटिव्हमध्ये चेहरा काळा होता आणि केस पांढरे.

"आत्तासारखेच दिसायलेत केस," त्या म्हणाल्या. "हे भोक कशाचं?"

"नापास आहे ना," उद्धवराव म्हणाले. "परत चांगल्या मालात मिसळू नये म्हणून."

"आन् मिसळलं असतं तर?"

उद्धवरावांनी पाकिटांचा एक गठ्ठा सारखा केला. शॉपमध्ये हा प्रश्न कुणी विचारला असता तर त्यांनी अर्धा तास उत्तर दिलं असतं.

"सव्वीस वर्सं मला वाटायचं," दीपमालाबाई म्हणाल्या, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात, "की ह्या मानसाला माझं हसनं आवडत न्हाई. मी आपली म्हनायची, आसंल, दात पुढं हायत माझे."

त्यांनी फ्रेम पाकिटात घातली, पाकीट गठ्ठ्यावर ठेवलं आणि कणीक तिंबायला गेल्या. वर्षालीने एकदा बापाकडे बघितलं आणि दाखला शोधायला पुन्हा माळ्यावर चढली. तिला दाखला मघाशीच सापडला होता.

उद्धवराव डब्यापाशी बसले. सवयीने भिंग काढलं, एकेक फ्रेम त्याखालून नेली. कुठेच धार नाही. कडा पुसलेल्या, डोळ्यांचे फराटे. भिंगातून बघावं तर नुसते दाणे. चौथ्या की पाचव्या फ्रेमला त्यांनी भिंग खिशात टाकलं आणि हात लांब करून, लांबूनच बघायला सुरुवात केली.

*

काकांच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये तरंगत होता. आधी काठ आले. मग गच्चीचा कठडा. मग हळूहळू दीपमालाबाई, दोन हजार नऊच्या संक्रांतीच्या. दोरीवर वाळत घातलेली साडी वाऱ्याने सुटून त्यांच्या डोक्यावरून गेली होती, ती धरायला त्या वळल्या होत्या, आणि 'हलू नकोस' असं समोरून कुणीतरी ओरडल्याचं त्यांना एवढं हसू आलं होतं की अख्खी बाई एका बाजूला कलली होती. चेहऱ्याची एकही रेघ ठाम नाही. दात म्हणजे एक पांढरा पट्टा. साडी म्हणजे धूर. कलल्यामुळे डोकं थेट फ्रेमच्या कोपऱ्याकडे गेलेलं, आणि तिथे, कानाशेजारी, एक काळाभोर वाटोळा ठिपका.

"भोकातून उजेड सरळ जातो. तिथे कागद काळाच होणार," काका म्हणाले. "मी ब्रशने पुसून देईन. कळणार नाही कुणाला."

"राहू द्या."

काकांनी चष्मा वर केला. कागद चिमट्याने उचलून निथळू दिला, बघत राहिले.

"कुणी काढला हो हा?"

"मीच."

"आणि फेकला कुणी?"

उद्धवरावांनी पाण्याचा नळ सोडला.

घरी तो प्रिंट दीपमालाबाईंनी उपडा ठेवला नाही. जेवायच्या ताटाशेजारी ठेवला. बघत बघत जेवल्या.

"ह्यो काळा ठिपका भोकाचा का?"

"हो."

"कानापाशी बरा पडलाय. तीट लावल्यावानी." त्या हसल्या. पदर मध्ये आला. पदराआडून म्हणाल्या, "बरं झालं लावली. न्हाईतर तवाच दृष्ट लागली असती."

"मग मांडवात?" वर्षालीने घाईने विचारलं.

"ही बाई यायची असती तर आली असती की मांडवात." त्यांनी प्रिंटवर बोट ठेवलं. "हिला काय झालंय? मला जायचंय ना तिथं." आणि ताट उचललं. किल्ली पदरातच होती.

*

नोव्हेंबर सरत आलेला. गच्चीवर ऊन कोवळं, खाली मोशीच्या रस्त्याला ट्रकांची रांग. दीपमालाबाई रुखवतासाठी केलेल्या शेवया वाळत घालून सतरंजीवर बसल्या होत्या आणि सकाळचे दहा फुगे फुगवत होत्या. सात झाले होते. उद्धवराव कठड्यापाशी उभे होते. गळ्यात कॅमेरा होता. खडू नव्हता, तिपाई नव्हती. हलू नकोस म्हणायला तोंड उघडेल अशी त्यांना स्वतःचीच भीती वाटत होती, म्हणून त्यांनी सुपारीचं खांड दाढेखाली धरलं होतं.

आठवा फुगा मोठा झाला. उजव्या बाजूच्या ओठांत धर नव्हताच. फुगा तिथूनच निसटला आणि असा काही बेशरम आवाज करत उडाला, की शेवयांवरून, दोरीवरून गोते खात थेट उद्धवरावांच्या टकलावर आपटला.

दीपमालाबाईंनी पदर शोधला. पदर शेवयांच्या ताटाखाली दाबलेला होता. हसू थांबायला तयार नव्हतं. त्या तशाच हसल्या, उघड्यावर; डावीकडे सगळा चेहरा धावला, उजवीकडचा डोळा तेवढा मिटायचा राहिला आणि त्यातून पाणी आलं.

उद्धवरावांनी कॅमेरा उभा करून डोळ्याला लावला. गोलातले दोन तुकडे जुळत नव्हते. त्यांनी कडीला हात लावला नाही. खट्.

*

आठवड्याने संध्याकाळी तो फोटो टेबलावर होता. उद्धवरावांनी पुढे कोरी चिठ्ठी ओढली आणि त्यांच्या त्या कोरीव अक्षरात लिहायला बसले. फ्रेम बावीस. तारीख. फोकस : नाही. विषय : हललेला. कारण : हसली. इथवर हात सवयीने गेला. चिमटा शेजारीच पडलेला होता. तो त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला आणि खालच्या ओळीत लिहिलं, डेव्हिएशनवर मान्य. मग चिठ्ठी आणि पेन दीपमालाबाईंकडे सरकवलं.

"हे कशाला?"

"सही लागते."

दीपमालाबाईंनी फोटो घेतला. वर वाळवणाच्या दोरीचा एक पांढरा ओरखडा, खाली त्या.

"वाकडंच हाय की तोंड."

"वाकडं आहे," उद्धवराव म्हणाले.

"आन् धुरकट बी."

"धुरकटही आहे. दोन्ही लिहिलंय वर."

"मंग कुनाला पायजे हे?"

"मला पाहिजे. पण सही तुझी लागते."

दीपमालाबाईंनी चिठ्ठी पहिल्यापासून वाचली. एकेका शब्दाखाली बोट धरून, हॉलवाल्याची पावती वाचावी तशी. 'कारण'पाशी बोट थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी पेन उघडलं. उद्धवराव उजेड नीट यावा म्हणून दिवा पुढे सरकवायला लागले, तसं टेबल डुगडुगलं.

"हलवू नका," त्या म्हणाल्या.

ते हात मागे घेऊन उभे राहिले. दीपमालाबाईंनी पूर्ण नाव लिहिलं, शाळेत शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर सोडवून. शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली घसरलं.

खिडकीतून वारा आला आणि चिठ्ठी फडफडली. दीपमालाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि किल्ली चिठ्ठीवर ठेवली.

"ही अंबूबाई वन्संना द्या," त्या म्हणाल्या. "कोठीतल्या साखरेवर लक्ष ठेवा, म्हनावं."

उद्धवरावांनी वाकून सही बघितली. वाकडी आली होती. त्यांनी ती पुन्हा करायला सांगितली नाही.